आठवी फळी

सकाळी अकरा वाजता माझा नवरा घरी आला, आणि मी आधी त्याचे हात बघितले. फर्स्ट शिफ्टचा माणूस अवेळी दारात दिसला की आमच्या काळेवाडीत बायका आधी हातच बघायच्या. कंपनीतल्या प्रेस मशिनवर बोट जाणं तेव्हा काही नवलाचं नव्हतं. दोन्ही हात धड होते, दहाही बोटं जागेवर होती. मी श्वास सोडला, आणि मग त्याच्या मागे उभी असलेली दोन माणसं मला दिसली. एक कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर, दुसरा खाकीतला वॉचमन.

"घर बघायचंय म्हणतात," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आठच दिवसांपूर्वी आमच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला होता. त्याच्या खात्यातले आठ-दहा जण बायकांना घेऊन आले होते आणि केक राहिला बाजूला, घरच बघत बसले होते. त्यामुळे खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, आपल्या घराची कीर्ती कंपनीपर्यंत पोचली. मी पदर सारखा केला, पडदा बाजूला धरला आणि "या ना, या" म्हटलं.

कीर्ती पोचलीच होती. ऑफिसर बूट न काढता आत आला, सरळ भिंतीवरच्या फळ्यांपाशी गेला, एका फळीच्या कडेवर नख ओढलं आणि म्हणाला, "पॅटर्न शॉपचं लाकूड. दोन महिने शोधतोय आम्ही हे."

पॅटर्न शॉप म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे बनवतात ते खातं. तिथलं लाकूड चांगलं, महागडं असतं एवढं मला ऐकून माहीत होतं. ते आमच्या भिंतीवर आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते.

नवरा तीन वर्षं टेम्पररी होता. पर्मनंट करायच्या लोकांची यादी त्याच महिन्याच्या अखेरीला लागणार होती, आणि त्यात त्याचं नाव आहे असं त्याच्या फोरमनने आडून सांगितलं होतं. चोरीचा संशय आला तरी ते नाव खोडायला एक पेन पुरेसं होतं. मग गाव. गावाकडे आमच्यासाठी काहीही उरलेलं नव्हतं.

आता त्या फळ्या घरात कशा आल्या ते सांगते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. आमच्या दोन खोल्या, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. घर सुंदर असावं याचा मला ध्यास होता. नवीन वस्तू परवडत नव्हत्या, आणि परवडणाऱ्या नवीन वस्तू बघवत नव्हत्या. म्हणून मी जुन्याच्या मागे लागले, पण पद्धतशीर. आधी वहीत यादी. कुठल्या भिंतीला काय हवं, किती फूट बाय किती फूट, कुठल्या रंगाचं. यादीत जागा लिहिलेली नसेल तर कितीही स्वस्त मिळो, वस्तू घरात येणार नाही. घेतली की पुढच्या पानावर ती कुठून आली आणि तिला काय काय करायचं आहे ते. काम झालं की बरोबरची खूण.

खिडक्यांचे पडदे देहूरोडच्या लष्करी लिलावातल्या पॅराशूटच्या कापडाचे होते. डाळिंबाच्या सालीत उकळल्यावर त्याला हलका पिवळा रंग धरला आणि दुपारचं ऊन त्यातून तुपासारखं दिसायचं. आरसा बंद पडलेल्या सलूनमधला. पिंपरी कॅम्पातला जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला होता, "बहेनजी, ये आईना नहीं, महल है महल." महालाचा एक कोपरा काळा पडला होता. तिथे मी मनीप्लँटची बाटली टांगली. खुर्ची वेताची, वेत गेलेली.

घरमालकीण मागच्या अंगाला राहायच्या, दोन म्हशी आणि एका रेडकासह. त्या मूळच्या काळेवाडीच्याच. सगळे भाडेकरू त्यांना मावशी म्हणत. मी काही घेऊन आले की त्या दारातच विचारायच्या, "काय गं पोरी, आज कुनाचं भंगार आनलंस?" आणि लावून झालं की गुपचूप येऊन बघून जायच्या.

फळ्या मात्र कंपनीतल्या. परदेशातून मशिनं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली की ते लाकूड कामगारांना मिळायचं. अर्ज करायचा, चिठ्ठी घ्यायची, शनिवारी गेटवर चिठ्ठी जमा करायची. तिथे वॉचमन प्रत्येक फळीवर लाल ऑइलपेंटने चिठ्ठीचा नंबर टाकायचा, आणि खाली एकूण किती नग ते. बहुतेकांच्या घरी ते लाकूड बंबात जायचं. कुणी खुराडं करायचं, कुणी मोरीचं दार. काळेवाडीत फिरलं की दारांवर, कुंपणांवर, कोंबड्यांच्या खुराड्यांवर ते लाल आकडे दिसायचे. जुन्या कामगारांच्या घरात ते कुणीही पुसत नसे. मला वाटायचं, लोकांना नजरच नाही.

आमच्या वाट्याला आठ फळ्या आल्या. मी यादी केली. रंधा मारणे. लाल आकडे घासून काढणे. खिळ्यांच्या भोकांत मेण आणि लाकडाचा भुसा भरणे. कात आणि चहापत्ती उकळून त्या पाण्याचे तीन हात देणे. जवसाचं तेल, दोन हात, मधे दोन दिवस वाळवणे. पंधरा दिवस नवरा शिफ्टवरून आला की रंधा मारायचा आणि मी पॉलिशपेपर चालवायची. पांढरट, गाठाळ लाकूड असं काही उजळलं की वाढदिवसाला आलेल्या बायकांनी हात फिरवून विचारलं, "सागवान ना?" मी हसले. नाही म्हणायचं राहून गेलं.

सातच फळ्या झाल्या होत्या. आठवी मावशींनी रेडकू अडवायला म्हणून नेली ती परत आली नव्हती. मी दर आठवड्याच्या यादीत लिहायची, मावशींकडून फळी आणणे. मावशी म्हणायच्या, "देते की! पळून चालली का तुजी फळी?" ओळ पुढच्या आठवड्यात जायची.

तर ऑफिसर भिंतीपाशी उभा होता.

"खोक्याच्या फळ्या आहेत, साहेब," नवरा म्हणाला. "चिठ्ठीवर आणल्यात. चिठ्ठी गेटवर जमा आहे."

"रजिस्टर बघूनच आलोय. आठ फळ्या, खोक्याच्या. त्या कुठायत?"

"ह्याच त्या."

"ह्या?" ऑफिसर वॉचमनकडे वळला. "काय रे, तू रोज खोकी बघतोस. असलं असतं खोकं?"

वॉचमनने हात फिरवला आणि मान हलवली. "न्हाई साहेब. हे भारीतलं हाय."

"वर खोक्याचं लाकूड दाखवायचं आणि खाली चांगला माल काढायचा. हे काय नवीन आहे का मला? आणि खोक्याच्या फळ्या असत्या तर आकडा कुठाय?"

तेव्हा मला कळलं, लोक तो आकडा का पुसत नाहीत. चिठ्ठी गेटवर राहते. घरात राहतो तो फक्त आकडा. तीच पावती. ती मी पंधरा दिवस खपून, हाताला फोड आणून, घासून काढली होती.

नवऱ्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, वही. मी ती आणून ऑफिसरच्या हातात दिली. "सगळं लिहिलंय यात, साहेब. कधी आलं, काय केलं, सगळं."

त्याने पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "कंपनीतून. फळ्या आठ. पट्टा जुना, तीन वार." पुढची ओळ. "लाल आकडे घासून काढणे. सात झाले." पुढे बरोबरची खूण, खाली मी पट्टीने ओढलेली सरळ रेघ.

"बाई, हे तुमचं अक्षर?"

घरात दुसऱ्या कुणाचं अक्षर इतकं चांगलं नव्हतं. मी हो म्हटलं. आणि पट्टा हा शब्द मला तेव्हा ऐकू आला. कन्व्हेयरचा तुटका पट्टा, भंगाराच्या ढिगावरून उचललेला, डब्याच्या पिशवीभोवती गुंडाळून घरी आलेला. असं सगळेच आणत. चिठ्ठी कुणीच घेत नसे. त्याच्या पट्ट्या कापून मी वेताची खुर्ची विणली होती, आणि ती खुर्ची ऑफिसरच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. जी चोरी आम्ही केलीच नव्हती ती केली नाही हे सिद्ध करायला मी वही दिली, आणि जे खरंच विचारून आणलं नव्हतं ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

मी वहीकडे बघत राहिले. मला ती उलटी दिसत होती. पानाच्या तळाला ती ओळ होती, खूण नसलेली. मावशींकडून फळी आणणे.

"साहेब," मी म्हटलं, "सात झाल्या म्हणजे एक राहिलीये."

आम्ही सगळे मागे गोठ्यात गेलो. मावशी शेणात हात घालून बसल्या होत्या. खाकी कपडे बघून ताडकन उठल्या.

"फळी हवीय मावशी," मी म्हटलं.

"आगं बया बया! एका फळीपायी शिपाई आनलंस व्हय? देते म्हन्ले हुते की तुला! माणसं हायत का कोन!"

"मावशी, कंपनीचे आहेत ते. माझ्यासाठी नाही, त्यांना बघायचीय."

"त्यास्नी कशाला? त्यांच्याकडं बी रेडकं हायत का?"

वॉचमनला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबलं.

फळी रेडकाच्या पुढ्यात आडवी होती, शेणाने लिंपल्यासारखी. मावशींनी बादली ओतली. ऑफिसरच्या बुटांवरून ओघळ गेला. काही दिसेना. मी खाली बसून हातानेच घासलं, आणि लाल रंग वर आला. नंबर, आणि खाली नग ८.

"ही खोक्याची," ऑफिसर म्हणाला. "मान्य. पण त्या सात?"

"दहा मिनिटं थांबा."

मी फळी अंगणात आणली. कात-चहाचं पाणी बाटलीत उरलेलं होतं, तेलही होतं. आकड्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला, वीतभर जागा मी पॉलिशपेपरने घासली. पाणी लावलं, उन्हात धरलं, पुन्हा लावलं. मग तेलाचं फडकं फिरवलं. मशिनच्या खोक्याचं लाकूड त्यांच्या डोळ्यांदेखत सागवानी झालं. मग मी आत गेले, अंबाड्यातली पिन काढली आणि भिंतीवरच्या फळीच्या टोकाशी मेण उकरलं. एक भोक, दुसरं, तिसरं. आठव्या फळीलाही टोकाशी तीनच भोकं, तेवढ्याच अंतरावर.

माझ्यामागून आत आलेल्या ऑफिसरने ती भोकं बोटाने चाचपली. मग तो बसला. त्याच खुर्चीत. बसल्या बसल्या त्याचं बोट पट्ट्याच्या विणीवरून फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतल्यासारखं मला वाटलं. माझे मात्र मिटेनात.

तेवढ्यात मावशी पितळीत चहा घेऊन आल्या. "घ्या साहेब. म्हशीचं दूध हाय. कंपनीत असला च्या मिळत न्हाई."

त्याने चहा घेतला. वही माझ्याकडे परत केली. "लिहून ठेवता ही चांगली सवय आहे," तो म्हणाला. "पण बाई, सगळंच लिहू नये."

दारापर्यंत जाऊन तो वळला. "त्या पाण्यात कात किती घातला म्हणालात? आमच्याकडे एक टेबल आहे, फार जुनं." आणि मग, घरभर एक नजर टाकून, "घर छान लावलंय."

गेले सहा महिने मला कुणाच्या तरी तोंडून हेच ऐकायचं होतं. ते ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले.

नवरा वॉचमनच्या सायकलवर डबलसीट परत गेला. शिफ्ट पुरी करायची होती. दोघं दिसेनासे झाल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आकडा पुसलास व्हय गं?"

"तुम्हाला माहीत होतं पुसायचा नसतो ते?"

"धा वर्सं कंपनीवालेच भाडेकरू हायत माजे. म्हाईत नसंल तर?"

"मग सांगायचं नाही का मावशी?"

"तू इचारलंस कुटं? तू तर सारखी दाखवीत हुतीस."

 

महिनाअखेरीला यादी लागली. नवऱ्याचं नाव होतं. तो पेढे घेऊन आला तेव्हा मी पहिला पेढा मावशींना दिला, आणि तो खाता खाता त्यांनी विचारलं, "मंग माजी फळी कवा देतीस? रेडकू सुटतंया."

फळी तोवर आमच्या दाराआड उभी होती, आकडा बाहेरच्या बाजूला करून. एक टोक सागवानी, बाकी सगळी गाठाळ. ती शेवटची आहे, तीही घासून शेल्फाला लावू, असं मला एकदाही वाटलं नाही. त्या आठवड्याच्या यादीत मी पहिली ओळ लिहिली, मावशींची फळी मावशींना देणे. मग ती उचलून गोठ्यात नेली, रेडकाच्या पुढ्यात नीट बसवली, आणि घरी येऊन ओळीपुढे खूण केली.