श्वास धरा

सरकारी रुग्णालयात मी हृदयाची सोनोग्राफी करते. काल एक आजी भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर निजल्या होत्या. "श्वास धरा," मी म्हणाले आणि पडद्यावर त्यांच्या हृदयाची झडप बघत राहिले. एवढीशी ती, आजींच्या जन्माआधीपासून उघडतेय, मिटतेय. कुणी शिकवलं असेल हिला? तेवढ्यात आजींनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "सोडा" म्हणायचं मी विसरलेच होते!

"सोडा, सोडा आजी! आपणहून नाही का सोडायचा?"

"तुम्ही कुठं सांगितलंत?" त्या धापा टाकत म्हणाल्या. आजी माझ्या शब्दावर थांबल्या होत्या. झडप कुणासाठीच थांबली नव्हती.

"आतलं बरंय ना?"

ते सांगायची आम्हाला मुभा नसते. "डॉक्टर सांगतील."

आजींनी वळून मला निरखलं. "मग तुम्ही का श्वास धरलाय?"