भागोजीच्या गाडीचा आवाज

भागोजीला बसून चहा पिताना मी आजवर पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन तो अंगणात येरझारा घालतो, अर्धा पितो, अर्धा विसरतो. गोदावहिनी तो पुन्हा गरम करून देतात आणि तो पुन्हा निवतो. मुंबईत नऊ वर्षं त्याने एका शेटची गाडी चालवली. ती नोकरी का सोडली म्हणून विचारलं की सांगतो, "सिग्नलला थांबलो की पायांना मुंग्या येतात वो. गाडी चालू नि मी उभा, ह्ये कंचं काम?" असं काम सोडून तो एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन गावी आला, त्याला आता सोळा वर्षं झाली.

आमचं गाव खैरसडा. डोंगराच्या माथ्यावर, काळ्या कातळावर वसलेलं. भागोजीच्या दारातूनच उतार सुरू होतो आणि अकरा वळणं घेत रस्ता खाली मोरीपाशी येतो. तिथून देवरूख अठरा किलोमीटर. रत्नागिरी देवरूखवरूनच पुढे, घरापासून साठ. एसटी दिवसातून एकदा वर येते, तीही तिला वाटलं तर. दवाखाना, बँक, रेशन, गॅस, दाखल्यावरचा शिक्का, सगळं खाली. मी देवरूखच्या कॉलेजात ग्रंथालयाचा कारकून आहे आणि सोळा वर्षांतली चौदा मी भागोजीच्या शेजारच्या सीटवर बसून गेलो आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

उताराच्या मध्यावर बौद्धवाडी आहे. रस्ता आखणाऱ्यांनी तिला वळसा कसा काय घातला ते त्यांनाच ठाऊक, पण डांबर वाडीच्या चहूबाजूंनी फिरतं आणि वाडीत शिरत नाही. मोरीपासून दोन किलोमीटरचा मातीचा रस्ता वर जातो, नाहीतर एकशेचाळीस पायऱ्यांची पाखाडी. तिथे जाईकाकी आणि भिवाकाका राहतात. मुलगा प्रज्ञेश मुंबईत कामाला. जाईकाकीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर सोमवारी आणि शुक्रवारी तिला रत्नागिरीला डायलिसिसला जावं लागतं. एक वार चुकला तरी पाय सुजतात, दोन चुकले तर काय होईल ते डॉक्टरांनी प्रज्ञेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण वाडीत कुठली गोष्ट बाजूला राहते?

वाडीत मोबाईलला रेंज नाही. घरातलं घड्याळ कधीतरी बंद पडलं ते तसंच भिंतीवर आहे. जाईकाकी निघायची ती गाडीच्या आवाजावर. सकाळी साडेसहाला माथ्यावर भागोजीची गाडी खोकत, धडधडत सुरू झाली की काकी दार ओढून घ्यायची. गाडी वळणं घेत उतरायची, काकी पाखाडीने सरळ उतरायची. चौथ्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला की तिचा पाय ओढ्यावरच्या साकवावर असायचा. मोरीवर दोघांची गाठ पडायची, पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. कुणी हे ठरवलेलं नव्हतं. भागोजीने हॉर्न वाजवल्याचं मला आठवत नाही. "माज्या गाडीला हार्न कशाला?" तो ऐटीत म्हणायचा. परतताना मात्र काकीला पायऱ्या चढवत नव्हता. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. मातीच्या रस्त्याने थेट अंगणात सोडायचा आणि परतीचे पैसे घ्यायचा नाही.

मग ते किलोमीटरचं आलं.

सरकारने आमच्या भागात प्रयोग म्हणून एक नवा कर लावायचं ठरवलं होतं. जितकं अंतर गाडी धावेल तितका कर. शाळेत सभा झाली. कर समजवायला आलेले साहेब तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, जो रस्ता जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं, जो कमी वापरतो त्याच्यावर बोजा नको, यात अन्याय कुठे आहे? आमच्या रावजी खोतांना ते फार पटलं. त्यांची गाडी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, कापड काढून बाहेर येते. ते पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. भागोजी मागे दाराशी उभा होता, अर्थातच उभा. तो म्हणाला, "सायब, आमचं सगळं लांब हाय, ते काय आमी नेऊन ठेवलं तिकडं?" लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, दर सगळ्यांना सारखाच आहे. मला तेव्हा राग आला होता. ज्याच्या घराखाली दवाखाना त्यालाही तोच दर आणि ज्याचा दवाखाना साठ किलोमीटरवर त्यालाही तोच, याला सारखं म्हणतात? पण मी सभेत बोलत नाही, घरी येऊन बोलतो.

गाडीच्या पुढच्या काचेमागे किलोमीटर मोजणारी एक काळी डबी बसली. तिच्यावर बारीक हिरवा दिवा. भागोजी आधीच अस्वस्थ माणूस, त्यात ही डबी. एक डोळा रस्त्यावर, एक तिच्यावर. स्टिअरिंगवर बोटं वाजवायची त्याची जुनी सवय, ती आता थांबेचना. त्याने भाडं थोडं वाढवलं तर बाजारकरणी दर आठवड्याच्या ऐवजी पंधरवड्याने येऊ लागल्या. अक्षया नावाची आमच्या आळीतली हुशार पोर रोज कॉलेजला यायची, ती आठवड्यातून तीन दिवस यायला लागली. तिची पुस्तकं मी पिशवीतून घरी पोचवायचो. लोक सगळी कामं एका फेरीत कोंबू लागले, त्यामुळे गाडीत माणसांपेक्षा सिलेंडर जास्त. जाईकाकीचं भाडं मात्र भागोजीने वाढवलं नाही. त्याऐवजी त्याने एक गोष्ट कमी केली, आणि ती करताना माझ्याकडे बघितलं नाही. परतताना मातीच्या रस्त्याने वर जाणं बंद केलं.

"काकी, म्हयनाभर पायऱ्यांनी जाशील ना? मंग बगू कायतरी."

"जाईन की. माजे पाय काय मोडलेत?" काकी म्हणाली.

मोरीवरून आम्ही तिला जाताना पाहायचो. वीस पायऱ्या चढली की बसायची. पुन्हा वीस, पुन्हा बसायची. भागोजी गाडी हलवायचा नाही, ती दिसेनाशी होईपर्यंत नुसता दात चावत बसायचा, आणि तो बसला होता यावरूनच काय ते समजा. मला त्याची दया यायची आणि तिच्याकडे बघवायचं नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी तो माझ्या घरी पळत आला. "शिवाभाऊ, सापडलं! चावी फिरवून बंद केली की डबीचा दिवा जातो. इंजिन बंद, दिवा बंद. म्हंजी ती झोपते!"

"मग?"

"मग काय मग! माज्या दारापास्नं मोरीपातुर उतार हाय. गाडी आपली घरंगळंल. तेवढे किलोमीटर वाचले का नाय? येकदा नाय, रोजचे!"

आता मी पुस्तकांत वावरणारा माणूस. ती डबी वर आकाशाशी बोलते की इंजिनाशी, हे मला विचारता आलं असतं, कुठेतरी वाचता आलं असतं. पण त्याचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला होता. मी म्हटलं, "डोकं आहे हो तुमच्याकडे." आणि शुक्रवारी सकाळी मीच मागून गाडीला धक्का दिला आणि पळत येऊन सीटवर बसलो.

काय सांगू, मजा आली. एवढ्या वर्षांत त्या उतारावर मी कधी पाखरांचा आवाज ऐकला नव्हता. चाकाखालची खडी तेवढी करकरत होती. ब्रेक दगडासारखा जड झालेला, भागोजी दोन्ही पाय रोवून तो दाबत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. मागे दोन बाजारकरणी गप्प बसून एकमेकींचे हात धरून होत्या. दिवा विझलेलाच होता. अकरावं वळण संपलं, मोरी आली. मोरीवर कुणी नव्हतं.

"काकी नाय?" भागोजीचा पाय ब्रेककडे गेला. थांबलो असतो तर पुढच्या चढाआधीचा वेग गेला असता, इंजिन चालू करावं लागलं असतं.

तेव्हा मी बोललो. "काल बाजारात मुंबईच्या नंबरची लाल गाडी होती. प्रज्ञेश आला असेल. तोच घेऊन गेला असेल."

लाल गाडी होती हे खरं. बाकीचं मी माझ्या मनाने जोडलं. भागोजीने पाय काढून घेतला आणि आम्ही मोरीवरून तसेच पुढे घरंगळत गेलो.

सगळं गाव ज्या आवाजावर उठतं तो आवाज आपण बंद केला आहे, हे आम्हा दोघांना माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. त्या सकाळी ते सुचलं नाही, एवढंच.

संध्याकाळी परतताना मोरीवर भिवाकाका उभे होते. त्यांना दिसतं कमी. गाडी जवळ आली तसे ते हात पुढे करून रस्त्याच्या मध्यभागी आले. भागोजीने ब्रेक मारला. मला वाटलं आता शिव्या खायच्या. आम्ही दोघेही खाली मान घालून उतरलो.

काकांनी भागोजीचा दंड चाचपला. "तू बरा हायस ना रे?"

भागोजीला काही समजेना.

"सकाळधरनं गाडीचा आवाज नाय. जाई म्हनली, भागोजीला कायतरी झालं. नायतर तो आल्याबिगर ऱ्हायाचा नाय. दुपारपातुर पिशवी मांडीवर घेऊन वट्यावर बसली. मंग मला म्हनली, जा, खाली जाऊन कुनालातरी इचार, बरा हाय का बग." मग ते म्हणाले, "तिला सवासाचा तरास व्हतोय आता."

भागोजीने काकांना सीटवर बसवलं, गाडी मागे घेतली आणि मातीच्या रस्त्याने अशी वर घातली की माझं डोकं टपाला आपटलं. काकी ओट्यावर तशीच बसली होती, सकाळची इस्त्रीची साडी नेसून. पाय घोट्यापाशी घागरीसारखे सुजलेले. भागोजीला बघून तिने आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "बरा हायस," ती म्हणाली, धापा टाकत. मला तिथे उभं राहवेना. मी उचललेली तिची पिशवी हलकी होती, आत एक पाण्याची बाटली, रुग्णालयाची फाईल आणि बिस्किटांचे दोन पुडे. एक पुडा ती दरवेळी भागोजीला द्यायची.

त्या संध्याकाळी रत्नागिरीची फेरी झाली. वाटेत भागोजीने डबीकडे एकदाही पाहिलं नाही. रुग्णालयात आधी ओरडून घेतलं आम्हाला, आणि ते बरोबर होतं, मग काकीला मशीनवर घेतलं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, असं सिस्टर म्हणाल्या. भागोजी रुग्णालयाच्या आवारात रात्रभर फेऱ्या मारत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि लाल गाडी, लाल गाडी एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. शेवटी मी त्याला म्हटलं, "चूक माझी आहे." तो फिरता फिरताच म्हणाला, "गाडी माजी व्हती."

महिनाअखेर मोबाईलवर हिशेब आला. भागोजीने तो मला वाचायला दिला. त्या शुक्रवारचा उतारही त्यात होता, दारापासून मोरीपर्यंत, पुरा. डबी झोपली नव्हती. दिवा तेवढा विझत होता. मला वाटलं तो आता डबी उपटून दरीत भिरकावेल. त्याने फक्त विचारलं, "त्यात रातची फेरी कशासाटी केली ती लिवलीय?" मी म्हटलं, असं लिहीत नाहीत. तो बराच वेळ अंगणात फिरत राहिला.

आता तो दारातच गाडी दहा मिनिटं धडधडवतो. प्रत्येक वळणावर हॉर्न मारतो, सोळा वर्षांत नाही मारला तेवढा. परतताना काकीला अंगणात सोडतो, किलोमीटर पडले तर पडले. भाड्यात खर्च कसा भागवायचा म्हणून तो रोज माझ्याशी भांडतो, जसं काही कर मीच लावला आहे. मीही भांडून घेतो.

पण एक गोष्ट आता दुरुस्त होत नाही. गाडी मोरीवर येते तेव्हा जाईकाकी आधीच तिथे बसलेली असते. थंडीत, अंधारात, कानाला रुमाल बांधून. भिवाकाका सांगतात, ती पहिला कोंबडा आरवला की उतरते.

परवा भागोजी तिच्यावर ओरडला. "काकी, आवाज आयकून निगायचं ना पयल्यासारकं! एवढा हार्न मारतो तो कुनासाटी?"

काकी उठली. गाडीचं दार धरून सावकाश आत बसली. मग पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्याच्यापुढे धरत म्हणाली, "तू आपला गाडी बंद करून ये, बाबा. तेवढेच वाचतील तुजे. मी आधी येऊन बसतंय."

डबी तशीही मोजते, हे त्याने तिला चारदा सांगितलं आहे. त्या दिवशी त्याने सांगितलं नाही. पुडा घेतला, इंजिन चालूच होतं, आणि आम्ही रत्नागिरीच्या रस्त्याला लागलो.