शेवट सांगणारे दाजी

साऱ्या श्रीरामपूर तालुक्यात आमच्या दाजींइतका निरुपद्रवी माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतके खून पाहिलेलाही दुसरा कोणी नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला बेलापूरला, नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाची गाडी आली की वजन करायचं, ती पुढं सरकली की मांडीवरच्या रहस्यकथेत पुन्हा डोकं घालायचं. वाचनालयातल्या झाडून साऱ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या त्यांनी फस्त केल्या होत्या. श्रीरामपूरच्या थिएटरात मॅटिनीला जुने काळेपांढरे रहस्यपट लागायचे, ते तर तोंडपाठ. त्यामुळं साध्या नजरेनं त्यांना जग दिसेनासंच झालं होतं. दूधवाला उशिरा आला तरी म्हणायचे, याच्या मनात आज काहीतरी आहे. एकदा मी काष्टीहून आले, तर माझ्या पिशवीच्या बुडाची माती चिमटीत धरून मी वाटेत कुठं कुठं उतरले ते त्यांनी सांगितलं. एकही ठिकाण बरोबर नव्हतं, पण सांगण्याचा थाट असा, की मलाच वाटलं आपण विसरलो असू.

एवढंच असतं तर चाललं असतं हो. पण या माणसाच्या पोटात शेवट म्हणून राहायचा नाही. पडद्यावर गरीब चेहऱ्याचा माळी आला रे आला, की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं पुटपुटायचे, "हाच तो." थिएटरच्या मॅनेजरनं कितीदा हात जोडले, उपयोग शून्य. आणि घरी हाल अक्काचे. पुस्तकांचा नाद तिला यांनीच लावला, पण लग्न झाल्यापासून एकाही पुस्तकातला खुनी तिचा तिला शोधू दिला नाही मेल्यानं. पिठाच्या डब्यात लपवलेलं पुस्तकही हुडकायचे आणि जेवताना शेवट सांगून मोकळे व्हायचे.

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं राहायला गेले होते. दुष्काळाचं साल, घरोघरी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी. एका संध्याकाळी अक्का एका कादंबरीच्या अगदी शेवटाला आली होती. चूलही तिनं पेटवली नव्हती. दाजी कामावरून आले, चपला काढता काढता पुस्तकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरनं मारलंय." अक्का एरवी कडाकडा भांडली असती. त्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं, फडताळात ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. मग झोपेपर्यंत अवाक्षर नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी कामावर आणि मी पाण्याच्या टँकरपाशी रांगेत. दुपारी दोघं एकदमच घरी पोचलो, तर अक्काचा पत्ता नाही. शेजारीपाजारी कुणाला काही सांगितलेलं नाही. दाजींनी ताबडतोब तपास सुरू केला. चूल विझवलेली, दूध झाकलेलं, ठेवणीतलं पातळ गायब, नव्या चपला गायब. पिठल्यावरचं झाकण उचललं आणि त्यांचा हात थांबला. "दोघांपुरतंच केलंय," ते म्हणाले, "म्हणजे दुपारी ती स्वतः जेवायला नसणार, हे तिला आधीच ठाऊक होतं." आणि मटकन खालीच बसले. असल्या शेकडो कथा त्यांना पाठ, आणि त्यांतली अशी निघून गेलेली एकही बाई जिवंत सापडत नाही.

विहिरी आटल्या होत्या, तेवढी एक धास्ती कमी. पण नेमकं त्याच दिवशी कॅनॉलला पाणी सुटलं होतं. मी ते बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही, आणि दोघं मुकाट कॅनॉलच्याच वाटेला लागलो. एरवी प्रत्येक पाऊलखुणेपाशी वाकणारा हा माणूस त्या दिवशी खाली बघायलाच तयार नव्हता.

काठावर एक बाई धुणं धूत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "अक्का व्हय? ती तर टांग्यात बसून शिरामपूरला गेली की. चांगली हासत हुती."

माझा जीव भांड्यात पडला. दाजींचा आणखी टांगणीला लागला. मनाशी सगळं पक्कं ठरवलेली माणसं जाताना हसतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं. आता त्यांना रेल्वेचे रूळ दिसू लागले. आम्ही टांगा केला आणि स्टेशनकडं निघालो. दाजी घामानं निथळत होते. मधेच म्हणाले, "मेव्हणीबाई, मी तिला एकसुद्धा शेवट ठेवला नाही हो." इतक्या वर्षांचा त्यांच्यावरचा माझा राग तिथंच विरघळला.

स्टेशनच्या अलीकडं थिएटर लागतं. दाजींना पाहून डोअरकीपरनं हात करून टांगा थांबवला. "सायेब, बाई आत हाईत तुमच्या," तो म्हणाला. दाजी उडी मारून दाराशी गेले, तर तो आडवा उभा. "पन तुमाला सोडू नका म्हनल्यात. शिनेमा सुटंस्तवर न्हाई."

दाजी पायरीवर बसले. आतून संवाद ऐकू येत होते. त्यांचे ओठ पुढचं वाक्य आधीच बोलत होते, पण आवाज नव्हता. डोळे मात्र घळाघळा वाहत होते. मला अक्काच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

खेळ सुटला. अक्का बाहेर आली ती फुलूनच. आम्हाला बघून म्हणाली, "अगं बाई, जेवला नाहीत का? मी माझं खाऊन निघाले होते." आता दाजी फाडफाड बोलणार म्हणून मी मधे पडायच्या तयारीत होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"खुनी कोण निघाला?"

अक्का जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग टांग्यात बसल्यावर तिनं पहिल्यापासून गोष्ट सांगायला घेतली, ती थेट बेलापूर येईपर्यंत. दाजी मांडीवर हात ठेवून "अरेच्चा", "मग?" करत होते. शेवटी तिनं आवाज खाली आणून नाव सांगितलं, तेव्हा मान हलवून म्हणाले, "मला नसतं बुवा ओळखता आलं."

पुढं त्या घरात तोच रिवाज पडला. पुस्तक दाजींनी आधी वाचलेलं असायचं, आणि अक्का ते संपवून उठली की ते हातातलं काम टाकून विचारायचे, कोण निघाला? दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का अजून वाचते. मी तिच्याकडं गेले की मुद्दाम विचारते, खुनी कोण निघाला म्हणून. ती सांगते, पण दोन वाक्यांत आटपते. मला खरोखरच ठाऊक नसतं ना, मग तिला सांगण्यात तशी गोडी वाटत नाही.