आईचं वजन

आईची डावी बाजू गेली तेव्हा तिचं वजन अठ्ठावन्न किलो होतं. जीभ मात्र शाबूत राहिली. ती जीभ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात दिलासा किती आणि धसका किती हे वेगळं सांगायला नको. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई, आणि आता तिचा सगळा प्रवास पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि तिथून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत, एवढाच उरला होता. संध्याकाळी मी कॉलेजच्या ऑफिसातून घरी आले की तिला गॅलरीत बसवायचे. आमचा कर्वेनगरचा रस्ता तिथून स्वच्छ दिसतो. कोणी गाडी वाकडी लावली, कोणती मुलगी कोणाच्या मागे बसून गेली, भाजीवाला मंडईच्या दुप्पट भाव कोणत्या तोंडाने सांगतो, यावर तिचं भाष्य चालायचं. तेवढा वेळ ती जगायची. बाकीचा दिवस नुसता ढकलायची.

उचलायला मी एकटीच. नर्सिंग ब्यूरोकडून दोन बायका येऊन गेल्या. पहिलीला आई म्हणाली, "अहो, मी गव्हाचं पोतं नाही." दुसरीला काय म्हणाली ते मला कधीच कळलं नाही, पण ती चहाही न घेता गेली. दिवसभर स्वयंपाकाच्या काकू सोबतीला थांबायच्या, पण उचलायला हात फक्त माझेच चालायचे. याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण मी पन्नाशीला टेकलेली. थोड्याच दिवसांत कंबर धरली, आणि मी जिममध्ये नाव घातलं.

तिथे बाकीच्या बायका लग्नसराईसाठी नाहीतर शुगरसाठी आलेल्या. ट्रेनर अमरावतीकडची, तिशीची, गोड बोलून घाम काढणारी. तुमचं गोल काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अठ्ठावन्न किलो जमिनीवरून उचलायचे आहेत. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिने पाठ सरळ ठेवायला शिकवलं, श्वास कुठे धरायचा ते शिकवलं, आणि बजावलं की एक दिवस व्यायाम, दुसऱ्या दिवशी पूर्ण आराम. स्नायू जिममध्ये नाही, झोपेत वाढतात म्हणे. मी मान डोलावली. मनातून काही पटलं नव्हतं. आमच्या घरात थर्मामीटरमध्ये दिसल्याशिवाय कोणी आजारी पडलेलं नाही, आणि दिवसा आडवं होणाऱ्याकडे आई कशी बघायची ते मी लहानपणापासून बघत आले होते.

पावसाळा संपता संपता अठ्ठावन्न किलोचा बार मी उचलला. घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणाली, "लोखंड गप्प असतं. मी बोलते." पण त्या दिवशी तिने दोन घास जास्त खाल्ले, आणि गॅलरीत बसवताना माझ्या मानेभोवतीचा तिचा उजवा हात पहिल्यांदाच सैल होता. तिला पडायची भीती वाटली नव्हती. त्या सैल हातासाठी मी काहीही केलं असतं.

आणि केलंच. एक दिवसाआड पुरेना. आईचं वजन जमलं तर पुढचं का जमू नये, असं वाटायला लागलं. शिवाय त्या तासाभरात मला कोणी हाक मारत नसे. आरामाच्या दिवशी गेलं तर ट्रेनर परत पाठवायची, म्हणून मी कोथरूडच्या बाजूला आणखी एका जिममध्ये नाव घातलं. आमच्याकडे मुलं एका विषयाला दोन क्लास लावतात आणि एका सरांचं दुसऱ्या सरांना कळू देत नाहीत, तसंच. दोन क्लास लावले की मार्क वाढतात, यावर माझ्या सगळ्या पिढीची श्रद्धा आहे.

मार्क वाढले नाहीत. आधी झोप गेली. मग सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधड. ऑफिसात एका विद्यार्थ्यावर मी अशी ओरडले की समोरच्या टेबलवाल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. गेल्या महिन्यात सहज उचललेला बार जागचा हलेना. मला वाटलं, आळस. म्हणून आणखी जोर लावला.

ट्रेनरच्या नजरेतून ते सुटलं नाही. बाकावर बसवून तिने खोदून खोदून विचारलं, आणि मी दुसऱ्या जिमचं कबूल केलं. ती रागावली नाही, फक्त ते बंद करा म्हणाली. मग विचारलं, आरामाच्या दिवशी घरी काय काय करता. मी सांगत गेले. सकाळी पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून कमोड, कमोडवरून परत. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि गॅलरीचा उंचवटा ओलांडताना तर तिला पूर्ण उचलूनच.

"ताई, मग आराम केव्हा करून राहिल्या तुम्ही?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आईला उचलणं मी व्यायामात धरलं नव्हतं. आई आईच होती, वजन नव्हती. ट्रेनर म्हणाली, निदान पंधरा दिवस जिम आणि घरचं उचलणं, दोन्ही बंद करा. जिम मी त्या दिवसापासून बंद केली. आईला कशी बंद करणार?

त्याच आठवड्यात ते झालं. गॅलरीच्या उंचवट्यावर माझे हात उघडले. दुखलं नाही, घसरलं नाही, नुसते उघडले. आई माझ्या अंगावरून सरकत खाली आली आणि तिच्याबरोबर मीही बसले. हाड मोडलं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना मी हाका मारल्या. त्यांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं, आणि ते होईपर्यंत आई भिंतीकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या बोलण्याची वाट बघावी लागली.

डॉक्टरांनी मला काहीही उचलायला मनाई केली. तिसरी बाई ब्यूरोकडून आली, आणि आईने तिला काहीच ऐकवलं नाही. पडल्या पडल्या पुसून घ्यायची, भरवलेलं अर्धवट गिळायची. खुर्चीत बसवू का म्हटलं की डोळे मिटायची.

माझं शरीर हळूहळू परत आलं. झोप लागायला लागली, धडधड थांबली, हातात जोर आला. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, चल गॅलरीत. ती म्हणाली, "आज नको. आज तुझा सुट्टीचा दिवस." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतर रोजच. मी चिडले, विनवण्या केल्या, एकदा तिच्यासमोर रडलेसुद्धा. तिने मनात काहीतरी सोडवून, खाली रेघ मारून टाकली होती. गणिताच्या बाईंशी वाद घालून कोण जिंकलंय?

परवा चादर बदलायची होती. बाई म्हणाली, जरा धरता का यांना. मी पाठ सरळ केली, श्वास धरला, अठ्ठावन्न किलोंची तयारी केली आणि उचललं. माझाच तोल मागे गेला. हातात काही आलंच नव्हतं. गाऊनमधून तिच्या फासळ्या माझ्या दंडाला टोचत होत्या.

"बघ, जमलं की तुला," आई म्हणाली.

तिला तशीच धरून मी गॅलरीकडे वळले. दार उघडंच होतं.

"तिकडे नको," ती म्हणाली. "खाली ठेव."

चादर घालून झाली होती. मी तिला खाली ठेवलं.