कंपाउंडरकाकांचे पिंपळ

शिवडीचा किल्ला चढायला दहा मिनिटं पुरतात. कंपाउंडरकाकांबरोबर दीड तास लागायचा, आणि तरीही निम्म्या वेळा आम्ही माथ्यावर पोचायचोच नाही. दर रविवारी मी कानाला खडा लावायचो, आणि पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा त्यांच्या दारात हजर.

काका परळच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे. जन्मभर नाक्यावरच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यातला एक जुना चिमटा बरोबर घेऊन आले. किल्ल्याच्या भिंतीत पिंपळाची रोपं उगवतात, मुळं फुगली की दगड निखळतात. काका ती रोपं त्या चिमट्याने काढत बसायचे. एकदा कंटाळून मी दरवाजाजवळच्या भेगेतलं एक रोप सरळ मोडलं.

"अरे, मूळ आत राहिलं ना! आता डबल फुटेल. जखमेचा टाका असा ओढतात काय?"

मग भेगेत पाणी घालायचं, माती भिजू द्यायची, आणि मूळ अख्खं बाहेर. इथवर ठीक होतं. पण ते रोप फेकायचं नाही! काका बौद्ध. म्हणायचे, "ज्या झाडाखाली बुद्धांना बोध झाला, ते मी कचऱ्यात टाकू?" ओल्या रुमालात गुंडाळून रोप घरी यायचं आणि तेलाच्या डब्यात लागायचं. गॅलरीत चालायला जागा उरली नाही. माझी आई वैतागायची, "पिंपळार मुंजो ऱ्हवता, आणि तुमी तो दारात लायतास?"

"असू दे वहिनी. चाळीत एवढी माणसं राहतात, एका मुंज्याची काय अडचण?"

त्यांची एकच इच्छा होती. यातला एक तरी पिंपळ परळच्या जमिनीत लागावा. त्यासाठी हेलपाटे मी घातले. बागेत म्हणाले, परवानगी आणा. शाळेत म्हणाले, मुळं इमारतीच्या पायात शिरतील. गिरणीच्या जागेवरच्या टॉवरचा मॅनेजर म्हणाला, "पाम असेल तर बोला." एवढ्या गिरण्या पडल्या, आणि एका झाडापुरती जमीन मिळू नये! मी तणतणायचो आणि काका शांतपणे म्हणायचे, "पिंपळाला घाई नसते रे." त्याने तर माझं डोकं आणखीच फिरायचं.

चाळ पाडायला घेतली तेव्हा काका कल्याणला मुलीकडे गेले. डबे आणि चिमटा माझ्या गळ्यात. दर रविवारी फोन यायचा, "लागला का रे एक तरी जमिनीत?"

"बघतोय, काका."

गेल्या पावसाळ्यात काका गेले. तेव्हाही मी बघतच होतो. याची लाज वाटते.

परवा एकटाच किल्ल्यावर गेलो. दरवाजाजवळच्या त्याच भेगेत वीतभर पिंपळ उभा होता. असा संताप आला! या शहराचा, त्या भिंतीचा, काकांचासुद्धा. मुठीत धरला, एक हिसका पुरे होता. पण मूळ आत राहिलं असतं.

खाली बसलो. बाटलीतलं पाणी भेगेत ओतलं, खिशातला चिमटा काढला, आणि माती भिजायची वाट बघत राहिलो. त्या दिवशीही माथ्यावर पोचलो नाही.