एकाच पुस्तकावर दोघी

"हा तुमच्या छातीचा फोटो. उजवीकडे वर डाग आहे ना, तो टी.बी.चा," डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं. टी.बी. म्हणजे क्षय. सत्तर सालच्या आसपास नागपुरात हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. मला मात्र आधी आठवलं ते हे, की शनिवारी सातवं प्रकरण वाचायचं होतं.

आम्ही चौघी मैत्रिणी दर शनिवारी दुपारी सदर भागात कुसुमच्या घरी जमायचो. प्रार्थना करायची, एखाद्या ख्रिस्ती पुस्तकाचं प्रकरण आळीपाळीनं वाचायचं आणि कोणतं वाक्य मनाला लागलं ते प्रत्येकीनं खरंखरं सांगायचं. विश्वासात वाढायचं तर एकमेकींपासून काही लपवायचं नाही, हा नियम कुसुमनंच घातलेला. शाळेत बाई होती, नियम घालणं तिला छान जमायचं. पुस्तकाच्या प्रती दोनच होत्या. एकीवर शांताबाई आणि लिली, दुसरीवर मी आणि कुसुम, डोक्याला डोकं लावून.

स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी झाली. तीत जंतू निघाले आणि मी दवाखान्यात भरती झाले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या. इंजेक्शननं कंबर इतकी दुखायची की कुशीवर वळताना जीव जायचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याजवळ बसणारं, सतत खोकणारं कोणी आहे का? अशांना आम्ही कॉन्टॅक्ट म्हणतो. त्यांची तपासणी करावी लागते." मी म्हटलं, कोणी नाही.

पंधरा दिवसांनी शांताबाई भेटायला आली. स्टूल खाटेजवळ ओढून बसली.

"कुसुमले बी हेच आहे वं," ती म्हणाली. "सहा महिने झाले तिनं फोटो काढून. नोकरी जाईन म्हणून पेटीत लपवून ठेवला. काल माह्याजवळ रडून सांगतलं."

मला लवंगा आठवल्या. वाचताना कुसुमच्या तोंडात नेहमी लवंग असायची. पोरींना शिकवून घसा बसतो, त्यानं खोकला येतो म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं. सहा महिने ती माझ्या तोंडाजवळ खोकत होती, आणि लपवायचं नाही हा नियमही मलाच शिकवत होती.

प्रार्थनेला हात जोडले तर तोंडात एवढंच आलं, भोगू दे तिला.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी डॉक्टरीणबाईंना कुसुमचं नाव सांगितलं. त्यांनी पत्ता विचारला. मी म्हटलं, "घरी सापडायची नाही. शाळेतच जा. सकाळच्या प्रार्थनेला सगळे हजर असतात."

दवाखान्याची तपासणीवाली बाई शाळेत गेली. मुख्याध्यापिकेसमोर, सगळ्या स्टाफसमोर तिनं कुसुमला टी.बी.च्या तपासणीला बोलावलं. आठवड्यानं कुसुम वॉर्डात आली, आणि रिकामी खाट होती ती नेमकी माझ्या शेजारची. शाळेनं तिची जागा भरून टाकली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण ती रोज सकाळी सिस्टरला सांगायची, "हिनं नाव सांगतलं म्हणून मी वाचली. देव हिचं भलं करो." चार महिने रोज. मी भिंतीकडे तोंड करून गोळ्या गिळायचे.

मग शांताबाईनं आमची प्रत पाठवून दिली. सातवं प्रकरण निघालं क्षमेवर. मी मुद्दामच म्हटलं, "तूच वाच. मोठ्यानं." ती एका एका वाक्यावर अडखळत होती, आणि मी मजा पाहत होते. वाचून झाल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "तुह्यापासून लपवलं, ते पाप माह्यं. आता तुह्यी पाळी."

नियम नियमच. मी सांगून टाकलं, "शाळेचा पत्ता मी मुद्दाम देल्ला."

"मले ठाऊक आहे," कुसुम म्हणाली. "ते बाई शाळेत आली तेव्हाच समजलं. दर शनिवारी तू माह्या घरी येत होती, अन् घरचा पत्ता तुले माहीत नव्हता?"

"मंग रोज आभार काहून मानून राहिली होती?"

"तुले चैन पडू नये म्हणून."

आम्ही दोघी इतक्या हसलो की खोकल्याची उबळ आली, आणि सिस्टर रागावून पुस्तक घेऊन गेली.

आम्ही दोघी बऱ्या झालो. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, एकही चुकवली नाही. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. कुसुम आता घरी शिवणाचे क्लास घेते. तिची शाळा गेली ती माझ्यामुळे, आणि माझ्या फुफ्फुसाला डाग पडला तो तिच्यामुळे. शनिवारी अजून एकाच पुस्तकावर बसतो.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार झाला तर घाबरू नका, आणि लपवू तर मुळीच नका. डॉक्टरांनी विचारलं तर नाव जरूर सांगा, त्यानं जीव वाचतो. फक्त पत्ता घरचा द्या.