सकाळी जाऊ

खरं सांगायचं तर मी ह्या ग्रुपवर येतो ते हसायला. राग मानू नका. कंपनीच्या बसमध्ये वेळ जात नाही, मग तुमचे अनुभव वाचतो — घाटात लिफ्ट मागणारी बाई, मागून आलेली हाक, बंद खोलीतला खोकला... आणि शेजारी बसलेल्या मित्राला वाचून दाखवतो. मी क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. ज्याचं माप घेता येत नाही ते मी पास करत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण मागच्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट घशात अडकून बसली आहे आणि घरात ती आता कोणालाच ऐकायची नाही. म्हणून इथं लिहितोय.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, हडकोत, एन-अकराला. नोकरी वाळूजला. पहिली पाळी असली की दुपारी चारच्या सुमारास घरी. मूळ गाव दौलताबाद. माझे वडील, म्हणजे अण्णा, किल्ल्यावर फोटोग्राफर होते. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम, आणि दिवसभर "साहेब, मिनारासोबत एक फोटो काढू का?" पुढे मोबाइल आले आणि त्या धंद्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातलेही काही जण अण्णांच्या समोरूनच सेल्फी काढत गेले असतील.

अण्णांची दोन वाक्यं ठरलेली होती. गिऱ्हाईक उभं केलं की पहिलं — "ऊन खांद्यावर घ्या." म्हणजे सूर्य अगदी तोंडावर नको, पाठीवरही नको, तिरका हवा. आणि खटका दाबायच्या आधी दुसरं — "सगळ्यांनी डोळे मिटा... हं, आता उघडा." फिल्मवर एकच फोटो घ्यायचा, त्यात कोणाचे डोळे मिटलेले यायला नकोत, म्हणून ही युक्ती. रविवारी मी आणि धाकटा भाऊ किरण त्यांच्या मागे मागे फिरायचो. ही वाक्यं आम्हा दोघांनाही पाठ होती.

आता किरणबद्दल. सहा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

अण्णा गेले तेव्हा किरण पुण्यात होता. दौलताबादच्या घरी अण्णांजवळ मी होतो. आदल्या संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. सकाळी गाडीत घालून शहराकडे निघालो आणि पडेगावच्या अलीकडेच सगळं संपलं. मग दहाव्याच्या दिवशी कायगावला, गोदावरीच्या काठावर, सगळ्या भावकीसमोर किरण म्हणाला, "दादानं उशीर केला. संध्याकाळीच नेलं असतं तर अण्णा आज असते." भावकी खाली मान घालून उभी होती. एक जण म्हणाला नाही, की अरे, त्याला तरी विचारा. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि नंतर बोलायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून मला किरणकडून एकच वाक्य हवंय, की दादा, तुझ्याकडून उशीर झाला नाही. बाकी त्यानं मला काही देऊ नये, घेऊ नये.

अण्णांचा कॅमेरा माझ्याकडे आला, कारण किरणला तो नको होता. जुना, संपूर्ण मेकॅनिकल, त्याला सेलसुद्धा लागत नाही. त्याच्यापायी मला नाद लागला. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भंगारात पडलेले कॅमेरे शोधायचे, लेन्सवरची बुरशी पुसायची, अडकलेलं शटर मोकळं करायचं. ब्लॅक अँड व्हाइट रोल कुरिअरनं मागवायचा आणि बाथरूममध्ये स्वतःच धुवायचा. केमिकलचा वास दोन दिवस जात नाही. ह्या घरात माणसांच्या आंघोळीपेक्षा रोलच जास्त धुतले जातात, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

दुसरा नाद मुलामुळे लागला. तो शिकायला नाशिकला गेला आणि त्याचा गेमचा डबा टीव्हीखाली तसाच राहिला. त्यात एक ऑनलाइन गेम होता. डोंगर, जंगल, पडके बुरूज. आपण आपला तळ उभारायचा, लाकडं आणायची, लांडग्यांपासून जीव वाचवायचा. वाटेत अनोळखी लोक भेटतात. कोणी मणिपूरचा, कोणी दुबईत ट्रक चालवणारा. आपलं नाव, वय, पगार कोणी विचारत नाही. मला ते फार आवडलं. नात्यातल्या माणसांपेक्षा ही बरी वाटायची. बायको म्हणायची, "बोलायला घरात माणसं कमी पडलीत व्हय तुम्हाला?" मी उत्तर द्यायचो नाही, कारण उत्तर हो असंच होतं.

तिथंच तो भेटला. नाव नव्हतंच, नुसतं 'गेस्ट' आणि पुढे आकडे. माइक बिघडलाय म्हणाला, त्यामुळे बोलणं टाइप करून, इंग्रजी अक्षरांत मराठी. मी इथं आपल्या लिपीत लिहितो. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "जेवला का?" दुपारी चार वाजता! मग रोजच विचारायला लागला. मला खेळता यायचं नाही, तो सांभाळून घ्यायचा. लाकडं तो आणायचा, लांडगे तो हाकलायचा. मी फिल्मच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहीत बसायचो आणि तो वाचायचा. मध्येच एखादा प्रश्न विचारायचा, तो इतका नेमका असायचा की ह्याचा हात कॅमेऱ्याला लागलेला आहे हे कळायचं.

त्या गेममध्ये आपल्या खेळाडूंचा फोटो काढता येतो. एकदा डोंगरमाथ्यावर आम्ही दोघं उभे होतो आणि मी फोटोचं बटण दाबणार, तेवढ्यात त्याचं टाइप केलेलं आलं, "थांब. ऊन खांद्यावर घे." मी थबकलो. खाली दुसरी ओळ आली, "आता डोळे मिट... उघड."

अहो, त्या खेळाडूंना पापण्याच नाहीत. डोळे कोण मिटणार?

मी रिमोट खाली ठेवला. जगात ही दोन वाक्यं अशी एकापाठोपाठ म्हणणारा एकच माणूस आता उरला होता, आणि तो पुण्यात होता. तोंडानं बोलायला लाजतोय, म्हणून नाव लपवून आलाय. मला इतका आनंद झाला की बायकोला चहा मी करून दिला. तिला काय ते कळेना.

मी ओळख दाखवली नाही. त्याचा मान राखायचा होता. पण थोड्या दिवसांनी, तळावर शेकोटीपाशी दोघांचे खेळाडू बसलेले असताना, मी लिहिलं, "माझा धाकटा भाऊ म्हणतो, वडिलांच्या वेळी मी उशीर केला." एवढंच लिहिलं. पुढचं मागचं काही नाही.

शेकोटी जळत होती. मग आलं —

"तू उशीर नाही केला."

आणि त्याच्याखाली — "त्यांनीच म्हणलं असंल, आता कुठं जायचं, सकाळी जाऊ. तू जेवून घे."

मला पहिल्याच ओळीनं रडू फुटलं. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य समोर टीव्हीवर होतं. खालची ओळ वाचली, पण तिच्यावर थांबलो नाही. ही माझी गाढवाची अक्कल.

ठरवलं की पुण्याला जायचं, अण्णांचा कॅमेरा किरणला द्यायचा, आणि त्याच कॅमेऱ्यानं काढलेला आम्हा दोघांचा फोटो सोबत न्यायचा. म्हणून टीव्हीसमोर स्टँड लावला, पडदे ओढले आणि तळापाशी उभ्या असलेल्या आमच्या दोन खेळाडूंचे चार-पाच फोटो फिल्मवर घेतले. टीव्हीचा फोटो घ्यायचा तर शटर हळू ठेवावं लागतं, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे येतात. प्रत्येक वेळी तो लिहायचा, "डोळे मिट... उघड", आणि मी हसत खटका दाबायचो. बायकोनं मागून माझा मोबाइलवर फोटो काढला आणि मुलाला पाठवला, बघ तुझा बाप काय करतोय म्हणून.

रोल धुतला. निगेटिव्ह उजेडात धरल्या. प्रत्येक फोटोत मी एकटाच होतो.

तुम्ही म्हणाल, हळू शटरला हलणारी वस्तू पुसली जाते. मलाही माहीत आहे ते, माझा छंदच आहे. पण तो हलत नव्हता. आणि हलणाऱ्या शेकोटीच्या ज्वाळा नीट आल्या होत्या. शिवाय जिथं त्याचे पाय होते, तिथं त्याच्या मागं तळावर ठेवलेलं पातेलं स्वच्छ आलं होतं. कडीसकट. बायकोच्या मोबाइलच्या फोटोत टीव्हीवर दोघंही आहेत आणि ते पातेलं त्याच्या पायांआड गेलेलं आहे. दोन्ही फोटो आजही माझ्याकडे आहेत. तेव्हा मी मनाची समजूत घातली की रोलच जुना असेल.

रविवारी पुण्याला गेलो, न कळवता. किरणच्या हॉलमध्ये टीव्हीखाली गेमचा डबा दिसला आणि माझी उरलीसुरली शंका गेली. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि ती आत गेली. मी कॅमेऱ्याची पिशवी त्याच्यासमोर ठेवून म्हणालो, "हा आता तुझ्याकडं ठेव. आणि गेममध्ये लिहिलंस ते तोंडानं एकदा म्हण. मग मी निघतो."

त्याला काहीच कळलं नाही. कुठला गेम म्हणे. तो डबा पोराचा आहे, मी हातसुद्धा लावत नाही. मला वाटलं आढेवेढे घेतोय. मी ते वाक्य त्याला म्हणून दाखवलं. त्यानं कप खाली ठेवला.

"दादा, मी असं कधीच लिहिणार नाही. तू उशीर केलास. तेव्हाही म्हणालो, आजही तेच म्हणतो."

आवाज चढवला नाही, काही नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला की आता जेवूनच जा. मी जेवलो नाही.

परतीच्या एसटीत मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. नगर गेलं, नेवासा फाटा गेला. मग बस कायगावच्या पुलावर आली, खाली तोच काठ दिसला, आणि तेव्हा कुठे मला ती दुसरी ओळ आठवली.

त्या संध्याकाळी मी गाडी काढून दारात उभी केली होती. अण्णा खाटेवर बसून होते. म्हणाले, "आता कुठं जायचं, सकाळी जाऊ. तू जेवून घे." मी दोनदा म्हणालो, चला. ते नाय म्हणाले. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं, आणि भावकीनं तेही म्हणून दाखवलं असतं. किरणला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. तो तिथं नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो आणि चप्पल न काढता गेम लावला. तळ होता, शेकोटी विझलेली होती. मित्रांच्या यादीत तो गेस्ट नव्हता. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, गेस्ट अकाउंट असंच असतं पप्पा, आपोआप उडून जातं. जुनं चॅट गेममध्ये राहत नाही. बायकोचं म्हणणं, दौलताबादचंच कोणीतरी असेल, अण्णांसोबत फोटो काढणाऱ्यांपैकी एखाद्याचा मुलगा. असेल. त्यानं पहिली दोन वाक्यं सुटतात. तिसरं सुटत नाही, आणि निगेटिव्हमधलं पातेलंही सुटत नाही. मी वर्षभर ताळा करून बघितला, जमत नाही.

आता तुम्ही खाली लिहाल की ते अण्णाच होते, लेकराला समजवायला आले, किती भाग्यवान तुम्ही, आणि हात जोडलेलं चित्र टाकाल. टाका. मी मानत नाही. पण मानलंच, घटकाभर मानलंच, तर मला अण्णांना एकच विचारायचं आहे. गेमचा डबा पुण्याच्या घरातही होता. टीव्हीखालीच होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग माझ्याकडे कशाला आलात? तुम्ही काय म्हणाला होतात ते मला माहीतच होतं, अण्णा. मी होतो ना तिथं.